दोघांसाठी छोटा ट्रेलर, उणे वीसमध्ये राहायला: कुठला घ्यावा?

रानवारा (कॅलगरी)

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते, कारण गेले दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नाहीये, दर शनिवारी कुठलातरी ट्रेलर (गाडीमागे ओढायचं छोटं घर) बघून येतो आणि गोंधळ आणखी वाढतो.

आम्ही दोघंच. मी ५२, नवरा ५६, मुलगी शिकायला टोरंटोला. अकरा वर्षं तंबूत कॅम्पिंग केलं, कनानास्किस, वॉटरटन, बॅन्फ सगळीकडे, आणि ठरलेलं असायचं की सप्टेंबर संपला की सामान गराजच्या फळीवर. पण खरं सांगायचं तर आम्हाला थंडीच आवडते. लार्चची पानं पिवळी होऊन गळतात, गर्दी ओसरते, तळ्यांच्या कडेनं बर्फाची पहिली साय धरते आणि नेमकं तेव्हा आपण घरी येऊन बसायचं, हे आता नको झालंय. मागच्या ऑक्टोबरात तंबूत उणे ९ झालं, झोप छान लागली, पण पहाटे बूट घालून बर्फातून टॉयलेटपर्यंत जाताना नवऱ्याची कंबर धरली ती दोन आठवडे सुटली नाही. तेव्हा ठरवलं, तंबू पुरे.

हवं काय तर, ऑक्टोबर ते मार्च, महिन्यातून एक-दोन वीकेंड, रात्री उणे १५-२० पर्यंत. आत झोपता आलं पाहिजे, रात्री उठलं तर बाहेर जावं लागू नये, सकाळी आतच चहा-पोहे करता यावेत. टीव्ही, ओव्हन वगैरे काही नको. गाडी २०१९ ची हायलँडर, व्ही६, ओढायची क्षमता ५००० पौंड लिहिलीये. बजेट सगळं धरून ४० हजार कॅनेडियन, जुना चालेल.

आत्तापर्यंत बघितलेले तीन. एक, १३ फुटी फायबरग्लासचा, सत्तरच्या दशकातला, बोलर जातीचा, आतून नवीन केलेला, दिसायला इतका गोड की नवरा तिथंच चेक लिहायला बसला होता. दोन, १७ फुटी एस्केप, वापरलेला, आत छोटं बाथरूम आहे, मालक फोनवर तरी सरळ वाटले. तीन, एका डीलरकडचा २१ फुटी नवा, एका बाजूला स्लाइड-आउट (भिंतीतून बाहेर सरकणारी खोली), आणि दारावर मोठ्ठा 'फोर सीझन' स्टिकर. तो सेल्समन म्हणतो मॅडम डोळे झाकून घ्या, हिवाळ्यासाठी हाच. मी विचारलं किती डिग्रीपर्यंत चालतो, तर म्हणाला लोक वापरतात. म्हणजे काय ते मला कळलं नाही.

कोणी खरंच हिवाळ्यात राहिलंय का ट्रेलरमध्ये? माझ्या बहिणीला पुण्यात फोनवर सांगितलं तर ती म्हणाली तुम्हाला घरात हीटिंग आहे ना मग बाहेर कशाला कुडकुडायला जाताय. तिला काय सांगू. पण तुम्ही तरी सांगा.

---

उत्तरेचा_वाटसरू (एडमंटन)

ताई, सहा हिवाळे काढलेत ट्रेलरमध्ये, दोन वेगवेगळ्या, म्हणून लिहितोय.

आधी तो स्टिकर डोक्यातून काढा. इकडे उत्तर अमेरिकेत 'फोर सीझन' या शब्दामागे कुठलं ठरलेलं प्रमाण नाही, कंपनीला वाटलं की चिकटवता येतो. कोणी खालच्या बाजूला प्लास्टिकचा पत्रा मारतात, त्यात फर्नेसची (ट्रेलरमध्ये बसवलेल्या प्रोपेन हीटरची) एक नळी सोडतात आणि झालं फोर सीझन. कोणी खरोखर टाक्या, पाईप, व्हॉल्व्ह सगळं गरम भागात घेतात. दोघांचा स्टिकर सारखाच. त्यामुळे सेल्समनला सीझन विचारू नका, हे विचारा: पाण्याची टाकी कुठे आहे, सांडपाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघड्यावर आहे का आत, आणि गरम हवा नेमकी कुठून कुठे जाते. आणि तो काहीही बोलला तरी स्वतः खाली झोपून टॉर्च मारा. व्हॉल्व्ह बाहेर लोंबताना दिसला तर उणे ५ लाच तो गोठणार, मग वर भिंतीत किती का फोम असेना.

माझी पहिली फजिती सांगतो, कारण यात नवीन माणूस हमखास फसतो. पहिल्या वर्षी डिसेंबरात बॅन्फला टनेल माउंटन व्हिलेज २ ला गेलो, ते हिवाळाभर उघडं असतं आणि विजेचा प्लग मिळतो. वीज साइटच्या पैशातच आहे म्हटल्यावर मी १५०० वॅटचा इलेक्ट्रिक हीटर लावला आणि प्रोपेन वाचवलं. आत २१ डिग्री, आम्ही बनियनवर बसून पत्ते खेळलो. सकाळी नळ सोडला तर कोरडा. झालं असं की आत गरम होतं म्हणून थर्मोस्टॅटनं फर्नेस रात्रभर चालूच केली नाही, आणि खालच्या पोटात जी गरम हवा जायची ती फर्नेसच्याच नळीतून, म्हणजे टाक्या रात्रभर उणे २२ मध्ये. घरी आल्यावर खालचं प्लास्टिक उघडून हेअर ड्रायर घेऊन दोन तास पडून होतो, तेव्हा कोपऱ्यावरचा पाईप उभा चिरलेला दिसला. इलेक्ट्रिक हीटर वाईट नाही, मी आजही नेतो, पण टाक्यांत पाणी असेल तर फर्नेस चालूच ठेवायची, हीटर फक्त हातभार लावायला.

आता तुमचे तीन. २१ फुटी स्लाइड-आउटवाला हिवाळ्यासाठी मी घेणार नाही. स्लाइड म्हणजे भिंतीत कापलेलं मोठं भोक, चारी बाजूंनी रबराच्या पट्ट्या, थंडीत त्या कडक होतात आणि वर बर्फ साचून गोठला की खोली आत घेताना आधी शिडीवर चढून तो फोडा. दोघांना त्या जागेची गरजही नाही. शिवाय २१ फुटी म्हणजे उंच, रुंद, कॅनमोरच्या बाजूला वारा सुटला की हायलँडरला ते जाणवणार.

फायबरग्लासचं ऐका. दोन अर्धी कवचं साच्यात घालून जोडलेली असतात, अंड्यासारखी, त्यामुळे छताला सांधे जवळजवळ नाहीत आणि पाणी शिरायच्या जागा कमी. बोलर १९६८ साली विनिपेगला सुरू झाला, तिथूनच ही जात इकडे पसरली, मिनेसोटातल्या बॅकसला स्कॅम्प अजून निघतो, तुमचा एस्केप ब्रिटिश कोलंबियातल्या चिलिवॅकचा. पण फायबरग्लास म्हणजे ऊबदार असं नाही! कवच स्वतः पातळ असतं, ऊब येते ती आत काय लावलंय त्यानं. जुन्यांत बऱ्याचदा पातळ फोमचा थर आणि एकेरी काचा. ब्रिटिश कोलंबियातल्याच आर्मस्ट्राँगच्या बिगफुटची काही मॉडेल मात्र थंडीसाठी बांधलेली, भिंतीत दीड इंच फोम आणि दुहेरी काचा, तशातला जुना साडेसतरा फुटी कुठे मिळाला तर नक्की बघा, फक्त वजन जास्त. टेनेसीतला ऑलिव्हर तर दुहेरी कवचाचा, टाक्या सगळ्या आत, पण तो तुमच्या बजेटच्या पार बाहेर.

मी तुमच्या जागी असतो तर १७ फुटीच्या मागे लागलो असतो.

---

तळ्याकाठी (मिनियापोलिस)

मी १३ फुटीवाली, म्हणून वाटसरूंना थोडं अडवते :) आम्ही दोघं चार वर्षं १३ फुटीत हिवाळा काढतोय, उणे २५ पर्यंत, आणि टाक्यांची काळजी आम्हाला शून्य आहे कारण आम्ही हिवाळ्यात पाणी भरतच नाही.

ऑक्टोबरच्या मध्यात सगळी लाइन रिकामी करून गुलाबी अँटिफ्रीझ भरून टाकतो (आरव्हीवालं, म्हणजे ट्रेलरसाठीचं, प्रॉपिलीन ग्लायकॉलचं बरं का, गाडीच्या रेडिएटरमधलं नाही, ते विषारी असतं). त्यानंतर एप्रिलपर्यंत प्यायचं पाणी दोन २० लिटरच्या कॅनमध्ये, आत, पलंगाखाली. भांडी पुसून ठेवायची, घासायची घरी. सांडपाणी सिंकखाली बादलीत आणि बादली डम्प स्टेशनला (सांडपाणी ओतायची जागा). टॉयलेट म्हणजे पोर्टा पॉटी (सुटं, उचलून नेता येणारं), तो आतच असल्यामुळे गोठत नाही, फ्लशच्या पाण्यात पण तेच गुलाबी थोडं. आंघोळ गरम पाण्यात पंचा पिळून. तीन दिवस आरामात जातात. ज्यांना रोज शॉवर हवाय त्यांच्यासाठी हे नाही, पण रानवाराताई अकरा वर्षं तंबूत राहिलेल्या आहेत, त्यांना हे सुखच वाटेल.

आता आमची चूक. पहिल्या हिवाळ्यात तिसऱ्या रात्री मला जाग आली ती पायाला काहीतरी ओढल्यासारखं झालं म्हणून. आईनं सोलापूरहून पाठवलेली गोधडी, तिची कड भिंतीला लागली होती आणि ती भिंतीला गोठून चिकटली होती. ओढली तर टर्रकन आवाज आला आणि भिंतीवर बर्फाचा पातळ पापुद्रा, त्यात गोधडीचे निळे दोरे अडकलेले. सकाळी गादी उचलली तर खालचा प्लायवूड काळा पडलेला आणि गादीची खालची बाजू ओलीचिंब, पिळली तर पाणी निघेल अशी. आम्ही रोज खिडक्या घट्ट बंद करून, वरचं व्हेंट पण उशी कोंबून बंद करून झोपत होतो, थंडी येऊ नये म्हणून!! म्हणजे दोघांचा सगळा श्वास आतच.

त्यानंतर गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली, मधून हवा फिरते, भिंत आणि गादी यांच्यात चार बोटं जागा सोडली, आणि व्हेंट रात्रभर दोन बोटं उघडं. सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे जुना पंचा घेऊन खिडक्या पुसणं, चहा नंतर. गोधडी अजून आहे, त्या कोपऱ्याला मी नवीन तुकडा लावलाय.

तुमच्या १३ फुटी बोलरबद्दल मात्र एक सांगते, आतून नवीन केलाय म्हणजे नक्की काय केलंय ते बघा. कुशन आणि पडदे नवीन असतील तर त्याला अर्थ नाही. जमिनीचं लाकूड कडेकडेनं पेचकसनं टोचून बघा, मऊ लागलं तर कुजलंय. आणि एवढ्या जुन्या ट्रेलरचा अ‍ॅक्सल रबराचा असतो, त्यातलं रबर मेलेलं असतं, चाकाचा दांडा खाली झुकलेला दिसायला हवा, तो आडवा किंवा वर गेलेला दिसला तर अ‍ॅक्सल बदलायचे पैसे धरूनच भाव करा.

---

बाष्प (डेन्व्हर)

तळ्याकाठी यांनी जे गोधडीचं सांगितलं तोच या सगळ्याचा गाभा आहे. लोक थंडीला घाबरतात पण ट्रेलर खराब करते ती ओल. माझं कामच हीटिंग-व्हेंटिलेशनचं आहे म्हणून थोडा हिशोब मांडतो, कंटाळू नका.

१७ फुटी ट्रेलरमध्ये हवा साधारण १६ घनमीटर. २० डिग्रीला एका घनमीटरमध्ये जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ मावते, म्हणजे सगळ्या ट्रेलरच्या हवेत मिळून पाव लिटरच्या आसपास पाणी. दोन माणसं झोपेत रात्रभरात श्वास आणि घाम मिळून अर्धा ते पाऊण लिटर पाणी सोडतात. आता उरलेलं जाणार कुठं? जी जागा सगळ्यात गार तिथं, काचेवर, खिळ्यांच्या डोक्यांवर, कपाटाच्या मागे, गादीखाली. आणि सकाळी पोह्यांवर झाकण ठेवून वाफ काढली, चहा उकळला की त्यात भर.

चांगली बातमी अशी की बाहेरची उणे २० ची हवा अतिशय कोरडी असते, घनमीटरला जेमतेम १ ग्रॅम. ती थोडीशी जरी आत घेतली आणि आतली ओली हवा वरून बाहेर सोडली की काम होतं. मी आकडा काढला तर तासाला १२ घनमीटरच्या आसपास हवा बदलली तरी दोघांची वाफ निघून जाते आणि त्यात उष्णता जाते ती पावणेदोनशे वॅट. म्हणजे जुने पिवळे बल्ब दोन-तीन. एवढ्यासाठी व्हेंट बंद करून ट्रेलर कुजवायचा का? वरचं व्हेंट दोन बोटं आणि खालच्या बाजूची एखादी खिडकी एक बोट, दोन्ही पाहिजेत, एकच उघडलं तर हवा फिरत नाही. ते दमट शोषायचे खड्यांचे डबे मिळतात त्यानं काही होत नाही, पाण्याचं प्रमाणच वेगळं आहे.

याच कारणासाठी आत उघडी ज्योत असलेला प्रोपेन हीटर लावून झोपू नका. एक किलो प्रोपेन जळलं की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं आणि व्हेंट नसलेल्या हीटरमध्ये ते सगळं तुमच्या खोलीत. ओल हा झाला एक भाग, कार्बन मोनॉक्साइड हा दुसरा, आणि त्याला वास नसतो. ट्रेलरमधली बसवलेली फर्नेस वेगळी, तिचं ज्वलन बंद पेटीत, हवा बाहेरून घेते, धूर बाहेर टाकते, आत येते ती फक्त कोरडी गरम हवा. पण बर्फ पडला की सकाळी आणि झोपायच्या आधी बाहेर जाऊन फर्नेसचं तोंड मोकळं आहे ना ते हातानं बघायचं, तिथं बर्फ साचू द्यायचा नाही. आणि जुना ट्रेलर घेतलात तर पहिल्याच दिवशी मोनॉक्साइडचा अलार्म नवीन लावा. त्याच्या मागे मुदत छापलेली असते, जुन्या ट्रेलरमधले बरेच अलार्म मुदत उलटून गेलेले असतात, बटण दाबलं की वाजतात आणि आपल्याला वाटतं चालू आहे. माझ्या एका सहकाऱ्याच्या घरी या वायूनं माणूस गेलाय, म्हणून हे दर वेळी लिहितो आणि लिहीत राहणार.

प्रोपेन किती लागेल: इकडचा २० पौंडी सिलिंडर म्हणजे ९ किलो, आपल्या घरच्या १४.२ किलोच्या लाल सिलिंडरपेक्षा लहान. तासाला १६,००० बीटीयू (उष्णतेचं एकक) देणारी फर्नेस सलग चालली तर तो २७ तासांत संपतो. उणे २० ला नीट बांधलेल्या ट्रेलरमध्ये ती निम्मा वेळ चालेल असं धरा, म्हणजे सिलिंडरला दोन दिवस. दोन सिलिंडर न्या, आणि आपोआप दुसऱ्यावर जाणारा रेग्युलेटर असेल तर पहाटे तीनला बाहेर जाऊन स्पॅनर फिरवावा लागत नाही.

बॅटरीकडे लोक बघतच नाहीत. फर्नेसचा पंखा १२ व्होल्टवर चालतो, ४ अँपिअर धरले आणि दिवसाचे बारा तास, झाले ४८ अँपिअर-तास. साधी १०० ची लेड अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची असते आणि थंडीत तिचा दम आणखी कमी होतो, म्हणजे वीज नसलेल्या साइटवर एक रात्र, दुसऱ्या पहाटे पंखा मंदावणार आणि फर्नेस बंद. लिथियम घेतलीत तर ती ट्रेलरच्या आत बसवा, शून्याच्या खाली तिला चार्ज करायचं नसतं, खराब होते. सोलरवर डिसेंबरात तुमच्या ५१ अक्षांशावर विसंबू नका.

---

म्युनिककर

इकडचं थोडं सांगतो कारण तुम्हाला प्रश्न विचारायला उपयोगी पडेल. युरोपात कॅराव्हॅनला इन्सुलेशनची श्रेणी असते, तिसरी श्रेणी म्हणजे बाहेर उणे १५ असताना चार तासांत आतलं तापमान अधिक २० पर्यंत गेलं पाहिजे आणि नंतर पाण्याची व्यवस्था चालली पाहिजे. गार खोलीत ठेवून तपासतात. तुमच्याकडे अशी श्रेणी नसली तरी हाच प्रश्न मालकाला विचारता येतो, की बाहेर उणे १५ असताना आत २० व्हायला किती वेळ लागतो आणि तेव्हा नळ चालतो का. ज्यानं खरंच वापरलाय तो दोन मिनिटांत उत्तर देतो.

दुसरं, हीटर कुठला आहे बघा. ट्रुमा कॉम्बी असेल तर फार छान, एकाच पेटीत खोलीची ऊब आणि पाण्याचा बंब, आवाज कमी. त्याला एक व्हॉल्व्ह असतो, आसपासचं तापमान ३ डिग्रीच्या आसपास आलं की तो स्वतःच उघडून बंबातलं पाणी खाली सोडून देतो, म्हणजे बंब फुटत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा मला गळतीच वाटली होती.

आणि गॅस. इकडे दक्षिणेकडं फिरायला गेलं की ब्युटेनच्या बाटल्या मिळतात, त्या शून्याच्या आसपास गपगार होतात, ब्युटेन उणे अर्ध्या डिग्रीलाच उकळतो. प्रोपेन उणे ४२ ला. म्हणून थंडीत फक्त प्रोपेन. तुमच्याकडे तसंही प्रोपेनच असतं, पण छोट्या कॅम्पिंग शेगडीच्या डब्यांवर काय लिहिलंय ते वाचा, त्यात मिश्रण असतं.

---

रानवारा (कॅलगरी)

अरे बापरे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे खूप आभार, मी प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय.

गोधडीचं वाचून मी नवऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवलं, तंबूत आपण वरची झडप उघडी ठेवायचो आणि इथं सगळं बंद करायची बुद्धी आपल्यालाही झाली असती असं तो म्हणाला, आणि ते खरंच आहे. कुठेतरी 'भिंत' आली की आपण दार लावायला बघतो.

२१ फुटी रद्द. काल त्या डीलरकडे जाऊन खाली टॉर्च मारला, व्हॉल्व्ह दोन्ही उघड्यावर. सेल्समनला दाखवलं तर म्हणाला त्यावर ब्लँकेट मिळतं वेगळं. मी नमस्कार करून निघाले.

आता १३ की १७ यात अडकलोय. तळ्याकाठीताई, तुमची पाणी न भरायची पद्धत मला एकदम पटली, पण नवऱ्याला कंबरेमुळे रात्री पलंगावरून कोणाच्या अंगावरून न जाता उतरता यायला हवं आणि टेबल मोडून रोज पलंग करणं नको आहे. आणि वाटसरूदादा, ओढण्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, मला सगळ्यात भीती त्याचीच आहे, बर्फावर मागे दीड टन घेऊन.

---

उत्तरेचा_वाटसरू (एडमंटन)

ताई, भीती वाटते तेच बरं आहे, सांभाळून चालवाल.

५००० पौंड हा आकडा शोरूमचा. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळा-पांढरा स्टिकर असतो, त्यात माणसं आणि सामान मिळून किती वजन ते लिहिलेलं असतं. तुम्ही दोघं, मागचं सामान आणि ट्रेलरचं जे वजन हिचवर (गाडीमागच्या जोडणीवर) येतं ते, सगळं त्यात बसलं पाहिजे. हिचवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के यायला हवं, कमी पडलं तर ट्रेलर मागे शेपटीसारखा हलतो. १७ फुटी भरून ३५०० पौंडांच्या आत राहिला तर हिचवर साडेतीनशे ते सव्वापाचशे, हायलँडरच्या हिचची मर्यादा पाचशेची आहे, तिच्या आत राहिलं तर झेपतं. भरलेला ट्रेलर एकदा काट्यावर नेऊन वजन करून घ्याच, डोळ्यांचा अंदाज नेहमी कमी निघतो.

ब्रेक कंट्रोलर लावावा लागेल. त्यावर ट्रेलरच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करायचं बटण असतं. कोरड्या रस्त्याला लावलेला जोर बर्फावर तसाच ठेवला तर ट्रेलरची चाकं लॉक होतात आणि तो आडवा यायला लागतो, म्हणून बर्फ लागला की जोर उतरवायचा. रिकाम्या पार्किंगमध्ये एक सकाळ हेच करून बघा, दोघांनीही. विंटर टायर गाडीला तर हवेतच, आइसफील्ड्स पार्कवेला १ नोव्हेंबर ते १ एप्रिल विंटर टायर नाहीतर चेन हा नियमच आहे, मी ट्रेलरला पण विंटर टायर घालतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वादळ सांगितलं असेल तर निघायचं नाही, एक दिवस उशिरा. मी सोमवारची रजा धरूनच जातो, रविवारी परतायची घाई राहत नाही.

घरी आल्यावर खालून साबणपाण्यानं धुवा, रस्त्यावरचं मीठ चासीला खातं. जुना बघताना पण हेच बघा, हिचच्या दांड्यावर आणि स्प्रिंगच्या आसपास गंज.

१३ की १७ म्हणाल तर कंबर सांगतेय तेच करा. कायमचा पलंग आणि दाराशेजारी टॉयलेट. पाणी भरायचं नाही हे १७ फुटीत पण करता येतं, ते मी आता तळ्याकाठीताईंकडून शिकलो, माझ्या टाक्यांचे किती पैसे वाचले असते.

---

तळ्याकाठी (मिनियापोलिस)

हो, कंबर आहे तर १७ च घ्या, मी माझा हट्ट सोडते. फक्त पलंग आडवा आहे की उभा ते बघा. आडवा असेल तर आतल्या माणसाला दुसऱ्याच्या अंगावरूनच जावं लागतं, आणि आतल्या माणसाचं डोकं किंवा पाय गार भिंतीला लागतात. दोघांनी बूट काढून प्रत्यक्ष झोपून बघा, मालकासमोर लाजू नका, आम्ही लाजलो होतो.

खिडक्यांना चंदेरी बबलचा फोम मिळतो तो मापानं कापून ठेवा, प्रत्येकावर मार्करनं कुठली खिडकी ते लिहा, नाहीतर अंधारात रोज कोडं. दाराशी एक जाड पायपुसणं आणि बूट ठेवायला ट्रे, कारण बुटाचा बर्फ वितळून जे पाणी होतं ते पण त्याच पाव लिटरच्या हिशोबात जातं.

---

रानवारा (कॅलगरी)

ठरलं, १७ फुटी बघायला येत्या शनिवारी रेड डिअरला जातोय. मालकांना फोन करून विचारलं, बाहेर उणे १५ असताना आत २० व्हायला किती वेळ लागतो. ते लगेच म्हणाले, फर्नेस लावल्यापासून पाऊण-एक तास, पण त्या तापमानाला आम्ही नळ कधी वापरला नाही, बाटलीतलंच पाणी वापरतो, आणि मागच्या उजव्या कोपऱ्यात कपाटामागे ओल येते ती बघून घ्या. एवढं स्वतःहून सांगितलं म्हणून मला बरं वाटलं. मी त्यांना विनंती केलीये की शुक्रवारी रात्री ट्रेलर बाहेरच, गार ठेवा, आम्ही आल्यावर समोर फर्नेस लावायची, अंदाज उणे १४ चा आहे.

टॉर्च, पेचकस, थर्मामीटर, आणि खाली अंथरायला जुनी सतरंजी गाडीत टाकलीये. मोनॉक्साइडचा अलार्म आजच आणला, ट्रेलर हा घेतला नाही तरी दुसऱ्यात लागेलच.